तोंड दिसलं, आवाज गेला

पंकजला कॉम्प्युटरातलं सगळं येतं, हे अख्ख्या शेणवे गावाला माहीत होतं. कारण ते पंकजनेच सांगितलं होतं!

मुरबाडला माहेरी असलेली त्याची बायको नम्रता कॉलवर कुरकुरली, "अहो, आवाज येतो, पण तुमी दिसत नाय. नुसता काळा पडदा! अशानं पोरगी बापाला ओळखायची नाय."

"पाच मिनिटं थांब गो!" पंकज छाती फुगवून म्हणाला.

नम्रता पहिल्या बाळंतपणाला गेलेली. लेकीला त्याने बारशाला पाहिलं तेवढंच. सासऱ्यांचा हुकूम होता, भातकापणी झाल्यावर धाडू. पंकजचा मोबाइल भाताच्या चिखलणीत बुडाला होता, त्यामुळे सगळी भिस्त चुलतभाऊ संदेशने दिलेल्या जुन्या, लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर. दोघींवाचून त्याला घर खायला उठायचं. चिखलाच्या पायांनी तो कॉलसाठी शेतातून धावत यायचा.

आता या कॉम्प्युटरात साध्या माणसाला वाट्टेल तिथे हात लावता येत नाही. कॅमेऱ्याचा गट वेगळा, आवाजाचा वेगळा आणि परवानग्या वाटणाऱ्या कारभाऱ्यांचा वेगळा. ज्या गटात तुमचं नाव, तेवढंच तुमच्या हातात. पंकज आवाजाच्या गटात होता, कारभाऱ्यांतही होता. कॅमेऱ्याच्या नव्हता, एवढंच!

त्याने ऐटीत हुकूम टाइप केला. फक्त ‘आधीचे गट तसेच ठेव’ असं सांगणारं एक अक्षर गाळलं. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक! त्याने पंकजला कॅमेऱ्याच्या गटात घेतलं आणि बाकी सगळीकडून हाकललं.

पंकजने पुन्हा लॉगिन करून कॉल लावला. समोर नम्रता! त्याला बघून ती हसली, डोळे पुसत काहीतरी बोलली. पण ऐकू येईल तर शपथ! पंकज ओरडला, तर तिलाही काही ऐकू जाईना. आवाजाची परवानगी परत घ्यायला गेला, तर कॉम्प्युटर म्हणतो, तुम्हाला तो अधिकार नाही! कारभाऱ्यांत आता उरला एकटा संदेश, आणि तो परगावी.

पंकजने तोंडाकडे बोट दाखवलं, हात हलवले, शेवटी कपाळ बडवून घेतलं. तिकडे नम्रताचा चेहरा पांढराफटक पडला आणि कॉल तुटला.

दुपारी दारात जीप! सासरे खाली उडी मारत ओरडले, "जावयांची वाचा गेली हो!"

मागून नम्रता, काखेत लेक, डोळ्यांना धार. "बाबा, मी आता हितंच ऱ्हाणार. यांना असं टाकून मी यायची नाय!"

खुलासा करायला उघडलेलं तोंड पंकजने झटकन मिटलं. सासऱ्यांनी मुकाट्याने लेकीची पिशवी उतरवली. पंकजला वाटलं, जन्मभर मुकं राहायलाही हरकत नाही.

नम्रताने लेक त्याच्या मांडीवर दिली. परका माणूस बघून पोरीने भोकाड पसरलं! नम्रताने चुचकारलं, सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी रडून रडून लालबुंद झाली. पंकजचा जीव कळवळला.

"काय झालं गो माझ्या बायला?" तो हळूच म्हणाला.

पोरगी गप्प. टकामका बघत राहिली आणि हसली.

"ओळखला! बापाचा आवाज ओळखला!" नम्रता ओरडली.

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं आणि पिशवी पुन्हा जीपमध्ये टाकली. "वाचा आली ना? चल गो, बस गाडीत. कापणी झाल्यावर बघू."

जीप सुरू झाली. नम्रताने खिडकीतून मान काढली. "उद्या तोंड नाय दिसलं तरी चालंल. नुसतं बोला तिच्याशी!"

पंकजने मान डोलावली. त्याला बोलायची परवानगी देणारा चुलतभाऊ संदेश थेट दिवाळीला येणार होता, हे सांगायचा त्याला धीरच झाला नाही.