गोकुळदासांचा सोमवार आणि माझा गुलाबी चहा

चहातलं माझ्याइतकं अख्ख्या डिचोलीत कोणाला कळत नाही! चहात उंडा पाव बुडवला की झालं, एवढंच इथल्यांचं ज्ञान. माझ्या कपाटात मात्र आसाम, निलगिरी, कांगडा, काश्मीर शेजारी शेजारी नांदतात. तेव्हा आमच्या लेकीला, तनयाला पाहायला पेडण्याहून पाहुणे येणार म्हटल्यावर मी जाहीर केलं, "चहा मी करणार. काश्मिरी!"

"अहो, सादी चाय पुरो!" माझी बायको रंजना कळवळली. "पोरीचो प्रश्न आसा!"

तनया आणि गौरेश दोघंही मोपाच्या विमानतळावर कामाला. त्यांचं आपापसात कधीच ठरलं होतं. घोडं अडलं होतं ते गौरेशच्या वडिलांपाशी. हे गोकुळदास म्हणजे भलते कडक! आले ते चिऱ्यासारखे ताठ बसले. रंजनानं मिरचीची भजी पुढे केली, तर त्यांनी हात जोडले.

"माका नाका. पोराचं लग्न जमूक सोळा सोमवार धरल्यात. आज शेवटचो. फकत चाय चलतली."

चहा काय, कुठल्याही उपासाला चालतो! मी ऐटीत गुलाबी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी घोट घेतला. थांबले. खात्री करायला आणखी एक घेतला आणि कप खाली ठेवला.

"ह्यात मीठ आसा?"

"आहे तर!" मी फुललो. "काश्मिरात मीठच घालतात! शिवाय खायचा सोडा!"

"बाबा सोमवारी मीठ खायनात!" गौरेश ओरडला.

तनयाचे डोळे भरून आले.

"तसं फार नाही," मी सावरायला गेलो, "दोनच चिमटी..."

"तुमी गप रावा!" रंजना कडाडली.

गोकुळदास डोळे मिटून बसले होते. आता उठणार, चपला घालणार आणि पोरीचं लग्न मोडणार! मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारल्या.

त्यांनी डोळे उघडले.

"शेवटच्या सोमवारी देवान आपणूच उपास सोडयलो. म्हणजे काम जालां! हो देवाचो कौल. सोयरीक पसंत!"

असं म्हणून त्यांनी भज्यांची अख्खी बशी पुढ्यात ओढली. तनया रडता रडता हसायला लागली. चौथं भजं तोंडात टाकून ते म्हणाले, "देणंघेणं काय नाका. एकच अट. लग्नाची चाय आचारी करतलो. हे न्हय!"

बोट माझ्याकडे होतं. मला राग यायलाच हवा होता, पण माझाही कप तसाच भरलेला होता. खरं सांगू? तो चहा मला आजवर एकदाही संपवता आलेला नाही!