अभिमनभाऊंच्या गच्चीवरचं तळं

अभिमन देसल्यांचं छत गळत नव्हतं, हीच त्यांची अडचण होती.

धुळ्याच्या देवपुरात ज्यांचं छत गळतं ते गवंड्याच्या मागं फिरतात, डांबर आणतात, शेजाऱ्याचा सल्ला घेतात आणि पुन्हा गवंड्याच्या मागं फिरतात. अभिमनभाऊ मात्र रविवारी सकाळी हॉलमध्ये आरामखुर्चीत मान वर करून बसले होते. हातात बॅटरी होती. पांढऱ्याफटक छतावर कुठं एखादा ओला डाग दिसतो का, हे ते कोपऱ्याकोपऱ्यात शोधत होते, आणि वर गच्चीत चार बोटं पाणी उभं होतं. ते भाऊंनीच आदल्या संध्याकाळी भरलं होतं.

"अहो, छतातून कोणी पाहुणे येणार आहेत का?" लताबाईंनी चहा ठेवत विचारलं.

"जाळं बघतोय. कोळ्याचं."

"बॅटरी लावून? कोळी काय पळून चाललाय?" असं म्हणून त्या आत गेल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला किती विचारायचं आणि कुठं थांबायचं, याचा त्यांना चांगला अंदाज आला होता.

हे सगळं का घडत होतं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. अठ्ठ्याऐंशी साली या घराचा स्लॅब टाकला तेव्हा भाऊ पाटबंधारे खात्यात कारकून होते. धरण त्यांनी फायलीतच पाहिलं होतं. पण स्लॅबच्या दिवशी ते असे उभे राहिले की जणू तापीच अडवायची आहे. ठेकेदाराला सिमेंटची जास्तीची पोती घालायला लावली, सळई जवळजवळ बांधायला लावली, आणि मजुरांना जेवायला बसवल्यावरसुद्धा स्वतः वर जाऊन पाणी मारत राहिले. तेव्हापासून घरी आलेल्या प्रत्येक माणसाला चहाबरोबर एक वाक्य मिळू लागलं. भाऊ छताकडे बोट करायचे आणि म्हणायचे, "वर दोन मजले चढवा. हालणार नाही."

हे वाक्य सर्वांत जास्त वेळा शेजारच्या रुपचंद बोरशांनी ऐकलं होतं. त्याच्या खालोखाल मुलगा तेजस आणि सून कामिनी यांनी, दर दिवाळीला. अखेर होळीनंतर एकदा तेजसचा पुण्याहून फोन आला.

"आबा, कामिनीशी बोललो. चढवूच एक मजला. सध्या कॉलेजची पोरं ठेवू, पुढंमागं आम्ही येऊ राहायला. तुमची इतक्या वर्षांची इच्छा आहे."

 भाऊंची इच्छा वगैरे काही नव्हती; ते नुसतं वाक्य होतं. खरी इच्छा होती ती गच्ची. होळी झाली की भाऊंचा मुक्काम गच्चीवर हलायचा तो मृग लागेपर्यंत. ऊन कललं की दोन बादल्या शिंपडायच्या, बाज टाकायची, उशाशी पाण्याची सुरई, आणि मग पांझरा नदीकडून जी काय झुळूक येईल ती अंगावर घेत पडायचं. खाली पंखा आणि कूलर मिळून गरम हवाच इकडची तिकडे करायचे. मजला चढला की गच्ची जाणार वर, अजून एक जिना चढून, आणि मधे कॉलेजची पोरं. भाऊंचे गुडघे एका जिन्यापुरतेच राजी होते.

पण नाही म्हणायचं कुठल्या तोंडानं? 'हालणार नाही' असं सगळ्या गल्लीला सांगून झालेलं. अशा पेचात तेजसनंच पुढं सांगितलं, "आधी छताचा प्रोफेशनल सर्व्हे करून घेऊ. जळगावच्या एक भंगाळे मॅडम आहेत, धुळ्यातही येतात." त्यानं मॅडमची जाहिरात पाठवली. दहा वर्षांच्या आतलं छत, तिशीच्या आतलं, तिशीच्या पुढचं: प्रत्येकाची तपासणी वेगळी. 'तिशीनंतर छताचे आजार बाहेरून दिसत नाहीत' ही ओळ वाचून भाऊंना एकदम बरं वाटलं. डॉक्टरांनी भाऊंच्या तब्येतीबद्दल असंच म्हटलं होतं तेव्हा वाटलं नव्हतं.

शुगर तपासायच्या आदल्या रात्री माणूस उपाशी राहतो. भाऊंनी उलट केलं. गच्चीचं पाणी खाली सोडणारे पाइप गोणपाट आणि माती कोंबून बंद केले, मोटार लावली आणि छताला पोटभर पाणी पाजलं. सकाळी एक सणसणीत ओला डाग, मॅडमचं नकारार्थी हलणारं डोकं, आणि 'काय करणार, वय झालं' असं म्हणून आपण उसासा टाकायचा. उसाशाची तयारी झाली होती. डागाचा पत्ता नव्हता.

धुळ्यात मे महिन्यात गच्चीवर पाणी साठवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. इथं नळाला पाणी येतं त्या दिवशी लोक लग्नाचं आमंत्रण नाकारतात. त्यामुळं हे काम गुपचूप होणं जरूर होतं, आणि त्यासाठी भाऊंनी आदल्या दिवशी रुपचंदनानांच्या कोकिळाबाईंना सांगितलं होतं, "उद्या बिबड्या आमच्या गच्चीवर नको. सर्व्हेवाल्या मॅडम येणार आहेत."

बोरशांच्या गच्चीवर कडुलिंबाची सावली आणि पाखरांची शिट, म्हणून कोकिळाबाईंच्या ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे वाळवणाचे पापड, वर्षानुवर्षं देसल्यांच्या गच्चीवरच वाळायच्या. या वर्षी त्यांनी पहाटे उठून घाटा शिजवला आणि दोन्ही घरांमधल्या बोळात बाजा टाकून त्यावर धोतर पसरून बिबड्या घातल्या. त्या बाजांच्या नेमकं वर देसल्यांच्या गच्चीचा पाइप होता. भाऊंचं गोणपाट रात्रभर टिकलं. कोकिळाबाईंची शेवटची बिबडी घालून झाली, त्यांनी कंबर सरळ केली, आणि मग ते सुटलं.

"ओ लताअक्का," बोळातून हाक आली, "बाहेर या. मन्ही बठ्ठी मेहनत पानीमा गयी."

भाऊ धावले. बोळात ज्वारीचा पांढरा ओघळ गटाराकडे निघाला होता आणि वरून धार लागली होती. दोनचार बायका जमल्या होत्या. रुपचंदनाना बनियनवर उभे राहून धारेकडे बघत होते.

"टाकी भरून वाहिली," भाऊ म्हणाले.

"सकाळपासून मोटारीचा आवाज नाही तुमच्या," नाना म्हणाले. "टाकी आपल्या मनानं भरते का?"

"वाल्व बिघडलाय."

"मग चला, वाल्व बघू." नाना रिकामे होते, आणि रिकाम्या माणसाला दुसऱ्याचा वाल्व बघायला फार आवडतो. ते जिन्याला लागले. मागून कोकिळाबाई, त्यांच्यामागून जमलेल्या बायका, आणि सर्वांत शेवटी, न्यायला आलेल्या हवालदारामागं जावं तसे भाऊ.

गच्चीवर तळं होतं. थोडं पाणी बोळात गेलं होतं, पण मातीचा गोळा पुन्हा पाइपात बसल्यामुळं धार आटली होती आणि बाकीचं पाणी शांतपणे ऊन खात होतं. दोन कावळे आंघोळ करत होते. मंडळी आली तरी ते उठले नाहीत. इतकं पाणी त्यांनीही मेमध्ये कधी पाहिलं नसावं.



"आमच्याकडं भांडी राखेनं घासून राहिलो," एक बाई हळू म्हणाली.

"गच्ची थंड करतोय," भाऊ म्हणाले.

"चार बोटं पाण्यानं?" नाना म्हणाले. "म्हशी बसवणार आहे का अभिमनभाऊ?"

लताबाई जिन्याच्या तोंडाशी आल्या, त्यांनी पाणी पाहिलं, नवरा पाहिला. "कोळ्याचं जाळं," त्या एवढंच म्हणाल्या. भाऊंना तळ्यात उतरून कावळ्यांशेजारी बसावंसं वाटलं.

त्याच वेळी जिन्यात बुटांचा आवाज आला आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट, खांद्याला यंत्रांची बॅग अशा मोनाली भंगाळे वर आल्या. त्यांनी पाण्याकडे पाहिलं. बंद केलेल्या पाइपांकडे पाहिलं. मग गर्दीला विचारलं, "हे कोणी केलं?"

सगळ्यांनी भाऊंकडे बोट केलं.

"कधीपासून भरलंय?"

"काल संध्याकाळपासून," भाऊ मेल्या आवाजात म्हणाले.

"काका, मी सात वर्षं हे काम करते," मोनाली म्हणाल्या. "दर वेळी गिऱ्हाइकाला हात जोडून सांगते, पाइप बंद करा, रात्रभर पाणी भरून ठेवा, तरच छताची खरी परीक्षा होते. आजवर एकानंही केलं नाही. आणि तुम्ही न सांगता केलं."

कोकिळाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. बायकांचे चेहरे बदलले. भाऊंना प्रथम काही कळेना, आणि कळलं तेव्हा अंगावर काटा आला. आपण छताला नापास करायला जे विष दिलं, तीच परीक्षा होती. आणि छत रात्रभर ती देत बसलं होतं.

"तेच मी म्हणतो," रुपचंदनाना म्हणाले. "माणूस पाटबंधाऱ्यातला आहे. उगाच नाही भरणार."

सगळी वरात खाली हॉलमध्ये आली. मोनालींनी कॅमेऱ्यासारखं एक यंत्र छताकडे धरलं, स्टुलावर चढून दुसरं एक यंत्र टेकवलं, छोट्या हातोडीनं ठिकठिकाणी ठोकून कान लावला. काम करता करता त्या बोलत होत्या.

"सकाळी जुन्या धुळ्यात एक धाब्याचं, मातीच्या छताचं घर बघून आले. आजोबा दर वर्षी वर माती चढवतात, खारी माती पसरतात, थेंब गळत नाही. त्यांनी चहा पाजला, छत काही दाखवेनात. म्हणे, ते बरंय, तुम्ही कशाला त्रास घेता. आणि सर्वांत जास्त रडतात ती सहा-सात वर्षांची नवी छतं. तुमचं हे मधल्या वयाचं. मधल्या वयाचे बाहेरून हसतात, आत काय असेल सांगता येत नाही."

"खरं आहे," लताबाई म्हणाल्या.

भाऊ हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला आशेनं मान पुढं करत होते. कुठंतरी पोकळ वाजेल. कुठंतरी एक थेंब. छतानं मात्र सगळीकडं एकच आवाज दिला, जाड आणि खणखणीत, अठ्ठ्याऐंशी सालचा.

मोनाली स्टुलावरून उतरल्या. "थेंब नाही. सादळलेलंसुद्धा नाही. या वयाचा इतका निरोगी स्लॅब मी धुळ्यात पाहिला नाही."

हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. जन्मभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो रुपचंदनानांसमोर, साक्षीदारांसह उगवला होता, आणि भाऊंना रडू येत होतं. त्यांच्या डोळ्यांपुढं कॉलेजची पोरं बुटांसकट जिना चढत होती.

"मग वर मजला?" ते कसंबसं म्हणाले. विचारणं भाग होतं. तेजस विचारणारच होता.

"त्यासाठी नुसतं छत पुरत नाही. कॉलम कुठं आहेत काका?"

भाऊ पुन्हा छताकडे बघू लागले.

"कॉलम," मोनाली भिंतीवर हात फिरवत म्हणाल्या. "खांब. दिसत नाहीत."

"दिसतील कसे," रुपचंदनानांचा आवाज इतका वर चढला की कोकिळाबाई दचकल्या. "नाहीतच. मी सांगितलं होतं. अठ्ठ्याऐंशी साली या इथं उभं राहून सांगितलं होतं, अभिमनभाऊ, काळी माती शे, खांब घाल. हे काय म्हणाले? म्हणाले, खांब भिंतीत बुडतात, कोणाला दिसतात? सगळी सळई वरच घातली."

"म्हणजे घर भिंतींवर उभं आहे," मोनाली म्हणाल्या, "आणि पाया काळ्या मातीत. मग राहू द्या. छत शंभर नंबरी आहे, पण याच्यावर मजला मी तरी लिहून देणार नाही. आहे ते घर तुम्हाला पुरून उरेल."

भाऊंनी श्वास सोडला. हा तयार ठेवलेला उसासा नव्हता. हा आतून, होळीपासून अडकलेला, आपोआप आला. त्यांनी पुढं होऊन रुपचंदनानांचे दोन्ही हात धरले.

"नाना, तुमचं खरं होतं."

नाना घाबरले. इतकी वर्षं या वाक्यासाठी त्यांनी जीव टाकला होता, पण ते अशा आनंदानं मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "जाऊ द्या भाऊ," ते पुटपुटले. "छत चांगलं आहे तुमचं. मी काय, बोलून गेलो." आणि ते चपला न घालताच घरी निघून गेले.

गच्चीवरचं पाणी बायकांनी बादल्या लावून धुण्याभांड्याला नेलं, त्यामुळं तेही पाप फिटलं. दुपारी लताबाई कोकिळाबाईंकडे जाऊन नवा घाटा ढवळून आल्या. आणि भाऊंनी तेजसला फोन लावला, शब्द जपून वापरत.

"वाईट बातमी आहे बाळा. छत पास झालं, पण खांब नाहीत. मजला होणार नाही."

 तेजसनं सोडलेला श्वास पुण्याहून धुळ्यापर्यंत ऐकू आला.

"आबा, खरं सांगू? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. आमचं मनच होत नव्हतं. पण दर दिवाळीला तुम्ही छताकडं बोट करता, कामिनी म्हणाली आबांच्या मनात आहे तर करून टाकू. मग आता असं करतो, मेअखेर येतो आम्ही. गच्चीवर झोपू."

"या," भाऊ म्हणाले. "सुरई मोठी आणून ठेवतो."

संध्याकाळी ऊन कललं, भाऊंनी सवयीनं बादली भरली, पण शिंपडायची गरज नव्हती. गच्ची अजून गारच होती. बाज टाकून ते आडवे होतात तोच जिन्यात चपला वाजल्या. रुपचंदनाना आले, कठड्याला टेकले, आणि पांझरेकडे बघत म्हणाले,

"अभिमनभाऊ, थोडं पाणी शिल्लक शे का?"

"कशाला?"

"आमच्या पोरानं, जितेंद्रनं, नाशिकहून फोन केला. कोकिळानं त्याला सगळं सांगितलं. तो त्या बाईंना आमच्याकडं पाठवतोय. उद्या." नाना कठड्याचं प्लास्टर नखानं खरवडू लागले. "मजला चढवू म्हणतो, आपल्या घराला तर खांब आहेत."

भाऊ उठून बसले. त्यांना हसू येत होतं, पण नानांचं तोंड पाहून त्यांनी ते आवरलं.

"पाण्याचा उपयोग नाही नाना," ते समजुतीनं म्हणाले. "पाणी भरलं की पास होतं."

मग त्यांनी आपली बाज थोडी कडेला ओढली, सुरई मधोमध ठेवली, आणि नानांना म्हणाले, "तुमची बाज मात्र उद्याच आणून टाका. नंतर तुमच्या जिन्यात विटा पडतील."