जल्दीचे जादा

कुणाच्याही हातात रेल्वेचं तिकीट दिसलं की आमचे शेजारी रंगनाथअण्णा चष्मा पुसायला घेतात. तिकीट मागून घेतात, लांब धरतात आणि त्यात सुपरफास्टचे जादा पैसे शोधतात. हल्ली तिकीट मोबाइलमध्ये असतं, त्यामुळे कॉलनीतल्या निम्म्या लोकांचे फोन त्यांनी हाताळलेत. आकडा सापडला की गंभीरपणे म्हणतात, "घेतले. जल्दीचे जादा घेतलेच."

अण्णा जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीतून निवृत्त झाले. त्यांचं म्हणणं साधं आहे. "मांडव जास्ती दिस ठेवला तं भाडं जास्ती, कमी दिस ठेवला तं कमी. मंग गाडीत कमी येळ बसू द्यायचं अन् पैसे जादा घ्यायचे, हे कुठलं बराबर?"

वेळ वाचतो, त्याचे ते पैसे, असं मी एकदा समजावून पाहिलं.

"वाचलेला येळ दाखवा," अण्णा म्हणाले.

हे रेल्वेपुरतं राहिलं असतं तर मी सोसलं असतं. पण न्हाव्यानं भराभर कात्री चालवली की अण्णा विचारतात, "तुमचं बी सुपरफास्ट का?" तीर्थपुरीच्या एका लग्नात मंगलाष्टकं लवकर आटोपली, तर ते भटजींच्या दक्षिणेकडे संशयानं बघत राहिले. डॉक्टरांनी नाडी धरून लगेच सोडली, तेव्हा त्यांनी हात मागं घेतलाच नाही. "धरा आनखी," म्हणाले.

"या माणसाला दुसरा विषयच नाही," असं मी एकदा घरी वैतागून बोललो. बायको पोळ्या लाटत होती.

"त्यांचा विषय भाडं आहे, असं वाटतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

अण्णांची एकुलती एक लेक सुरेखा नाशिकला असते. काकू गेल्यापासून अण्णा घरात एकटेच. पूर्वी सुरेखा साध्या गाडीनं यायची. पोचेपर्यंत दिवस कलायचा, त्यामुळे मुक्काम ठरलेला. दुसऱ्या दिवशी माझी बायको काकूंच्या जागी तिची ओटी भरायची, मगच ती निघायची. आल्या दिवशी लेकीला वाटेला लावत नाहीत, अशी आमच्याकडची रीत. आता वेगवान गाडी झाली. सुरेखा सकाळी येते, बापाच्या हातचं पिठलं खाते आणि संध्याकाळी परत जाते. तिची नोकरी आहे, पोरांच्या शाळा आहेत. अशा लेकीला 'राहा' कसं म्हणायचं? अण्णांच्या तोंडून तो शब्द निघत नाही. मग ते गाडीच्या भाड्याशी भांडतात. बायकोच्या प्रश्नाचा रोख हा होता.

गेल्या महिन्यात सुरेखा आली होती. अण्णांनी तिला दिलेलं ज्वारीचं ओझं जड होतं म्हणून संध्याकाळी मीही स्टेशनवर गेलो. गाडीला बराच उशीर असल्याचं जाहीर झालं आणि फलाटावर कुरकुर सुरू झाली. आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ अण्णांना शोधतच आले.

"अण्णा, चला मास्तरकडं. जल्दीचे पैसे घेतले अन् गाडीचा पत्ता न्हाई. तुमच्यावानी बोलनारा पाह्यजे आज."

मला धास्तीच वाटली. आता अण्णा मांडवाच्या भाड्यापासूनचा सगळा हिशेब स्टेशनमास्तरांपुढं मांडणार.

अण्णा बाकावर बसले होते. शेजारी सुरेखा चपला काढून, पाय वर घेऊन बसली होती. घरी दिवसभर तिचा डोळा घड्याळावर होता. आता ती आईची कुठलीशी जुनी गोष्ट सांगत होती आणि मधेच हसत होती. अण्णा शेंगा सोलून दाणे तिच्या हातावर ठेवत होते. गृहस्थांनी पुन्हा हाक मारली, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"कामून भांडायचं?" अण्णा हळूच म्हणाले. "आज तं मीच जादा द्यायला तयार हाय."