डोकी मोजणारे तात्या

मला पाहायला आले तेव्हा तात्यांनी माझं नाव विचारलं नाही. वडिलांना विचारलं, "तुमच्या आळीत डोकी किती आणि कमिटीत मेंबर किती?" वडिलांना वाटलं, हुंडा मागण्याची ही काही नवी तऱ्हा असावी.

तात्या माझे चुलत सासरे, आमच्याच घरात राहणारे. कुठल्याही पंगतीत भात वाढून झाला की पाटावरून उठून बोटाने माणसं मोजणार. इकडे तूप थिजायचं, यजमान कावायचे. गणपतीचे मोदकसुद्धा घरागणिक वाटू द्यायचे नाहीत. "घरं कसली मोजता? डोकी मोजा!"

खरा राग गावच्या कमिटीवर. पेठेत माड्या मोठ्या, माणसं थोडी. तिला दोन मेंबर. खाडीकडच्या आमच्या आळीत एकेका खोलीत तीन पिढ्या. आम्हाला एकच, तोही बैठकीत डुलक्या घेणारा. म्हणून पेठेत नवी विहीर झाली आणि आमची खारी ती खारीच राहिली. आम्ही घागरी घेऊन पेठेत जायचो, तर तिथल्या बायका आम्हाला मागे सारायच्या. म्हणायच्या, तुमच्या मेंबराकडे मागा पाणी. मला उलट बोलता यायचं नाही, पण अंगाचा तिळपापड व्हायचा. आळी तात्यांना हसे तेव्हा म्हणूनच मी हसत नसे.

शेजारची कासारीण तर तोंडावर म्हणायची, "तात्या, माझी म्हैस पण धरा. पाणी तीही पिते."

तात्यांनी ठाण्याला कलेक्टराकडे अर्जामागून अर्ज केले. शेवटी उत्तर आलं: येत्या शिरगणतीत आळीची वस्ती पेठेइतकी भरली, तर दुसरा मेंबर मिळेल.

आणि आमच्या शहाण्या आळीने काय केलं? मोजलेलं पोर वाढत नाही, असं कुणीतरी बोललं आणि बायकांनी पोरं लपवली. कुणी टिटवाळ्याला मामाकडे धाडली, कुणी कणगीमागे दडवली. तात्या दारोदार ओरडत फिरले. पाणी प्यायला पोरं आहेत आणि मोजायला नाहीत का, म्हणून एकेकीला झाडलं. कासारणीची पोरं तर स्वतः माळ्यावरून उतरवून गणतीवाल्यापुढे उभी केली.

मग तो गणतीचा कारकून आमच्या ओटीवर आला, मागे तात्या. सासूबाईंनी मला तान्हीसकट माजघरात ढकललं होतं. पण गोड्या पाण्यासाठी मी पोरीला घेऊन बाहेर यायचं ठरवलं. परक्या पुरुषासमोर, जन्मात पहिल्यांदा. उंबऱ्यापाशी पोहोचले तोच ती रडली.

"आत मूल आहे का?" कारकुनाने विचारलं.

तात्यांनी दाराकडे पाहिलं. मी त्यांना दिसले.

"मांजर व्यालंय," ते म्हणाले. आणि त्याला जवळजवळ हाताला धरून पुढच्या घरी घेऊन गेले.

मी संतापून सासूबाईंना विचारलं, साऱ्या आळीला झोडपणारे हे आणि स्वतःच्या घरी असं? त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, "मागच्या शिरगणतीला भावोजींनी आपली दोन्ही मुलं नव्या टोप्या घालून अंगणात मोजून दिली होती. त्याच साली पटकीत दोन्ही गेली."

दुसरा मेंबर मिळाला नाही. अजून मी पेठेचंच पाणी भरते, टोमणे खाते. तात्याही कमिटीच्या नावाने पहिल्यासारखेच खडे फोडतात आणि पंगतीत डोकी मोजतात. फक्त माझ्या मुलीपाशी आले की त्यांचं बोट खाली येतं, आणि पुढच्या पाटाशी पुन्हा वर होतं.