दुसऱ्या रांगेतला डावा हात

आमच्या विभागातल्या नाईकनवरे मॅडमचा डावा हात वर गेला की कॅन्टीनवाले सोपानराव उकळत आलेला चहा गॅसवरून खाली उतरवतात.

लवळ्याच्या टेकडीवरच्या आमच्या विद्यापीठात दर बुधवारी चार वाजता गणिताचा सेमिनार होतो. कुणीतरी पाहुणा येतो, तासभर फळ्यावर एखादं प्रमेय सिद्ध करतो, आम्ही आठ-दहाजण सगळं समजल्यासारखा चेहरा करून बसतो आणि पाच वाजता चहा. पण सोपानराव आधी दारातून डोकावून दुसरी रांग बघून घेतात. "म्याडमनी हात वर केलाय. आता सहाच्या आत काय सुटत न्हाईत हे. दूध फ्रिजमधी ठेव गं," असं बायकोला सांगून ते निवांत पेपर वाचत बसतात.

हात वर जायला एकच कारण पुरतं. बोलणारा "हे उघडच आहे" असं म्हणाला की संपलं. "मला उघड नाही बुवा," मॅडम म्हणतात. आवाज असा मऊ, की माणसाला वाटतं बाईंना खरंच काही कळलेलं नाही. मग हळूच, "एक लहानसं उदाहरण घेऊन दाखवता का?" या लहानशा उदाहरणात भलेभले बुडालेत. बंगळूरहून आलेले एक नामांकित गृहस्थ सत्तर स्लाइड घेऊन आले होते, ते तिसऱ्या स्लाइडवरून परत गेले. जाताना मॅडमनी त्यांच्या हातावर घरचा बेसनाचा लाडू ठेवला. त्यांनी तो खाल्ला, पण गाडीपर्यंत पोचवायला गेलेल्या माझ्याकडे न बघताच दार लावून घेतलं.

बरं, हे फळ्यापुरतंच असतं तर ठीक. एकदा आम्ही दोघं पिरंगुटला निघालो होतो. रिक्षावाला सहज म्हणाला, "रस्ता ह्यो एकच हाय म्याडम."

"एकच आहे कशावरून?"

जन्म इथेच गेलेला तो माणूस विचारात पडला. शेवटी रिक्षा कडेला लावून त्याने चुलतभावाला फोन केला, आणि खरोखरच शेतांमधून जाणारा एक दुसरा रस्ता निघाला. मग त्याच रस्त्याने जाणं आलं. पाऊण तास जास्त लागला. मॅडम खूश, रिक्षावालाही खूश, मी तेवढा उपाशी.

आता माझ्या फजितीचं सांगतो. गणित आणि संगणकशास्त्र आमच्याकडे एकाच विभागात. मी संगणकशास्त्रातला, पण सिद्धांताकडचा. म्हणजे शेजाऱ्यांचा प्रिंटर मला दुरुस्त करता येत नाही. तीन वर्षं झिजून मी एक प्रमेय सिद्ध केलं होतं. शोधनिबंध एका मोठ्या परिषदेने स्वीकारला होता आणि त्याच्या जोरावर माझी नोकरी कायम होणार होती. आईने पेढेसुद्धा वाटून टाकले होते. त्या बुधवारी फळ्यापाशी मी उभा होतो.

गोष्ट साधी होती. बिंदूंचं एक जाळं आणि त्यातून जाणारी एक वाट. "या वाटेवरचे सगळे बिंदू वेगवेगळे आहेत, हे उघडच आहे," मी म्हणालो आणि जीभ चावली.

"मला उघड नाही बुवा. वाट फिरून जुन्याच बिंदूवर आली तर?"

"येत नाही, मॅडम."

"पाचच बिंदू घे ना. लहानसं उदाहरण."

मी पाच बिंदू काढले. चौथ्या पावलाला वाट फिरून परत दोन नंबरच्या बिंदूवर येऊन बसली. मी घाईघाईने पुसून सहा घेतले, मग सात घेतले. प्रत्येक वेळी तेच झालं. तीन वर्षांचं काम सात बिंदूंत आडवं झालं आणि माझं डोकं फिरलं.

"दुसऱ्याच्या चुका काढणं सोपं असतं, मॅडम," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "पंचवीस वर्षांत तुमचा स्वतःचा एक तरी निबंध छापून आलाय का?"

"नाही," एवढंच म्हणून त्या पर्स उचलून निघून गेल्या.

सोपानरावांनी मला कॅन्टीनच्या दारातच गाठलं. "म्याडम च्या न घेता कधी जात न्हाईत. तुमी काय बोल्ला का त्यांना?" मी मान खाली घालून पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या खोलीत आल्या. मी माफी मागायला उठलो, तर त्यांनी हातानेच बसवलं आणि टेबलावर चौदा पानं ठेवली. "तुझ्या सिद्धतेतली फट बुजवायला बसले होते. सगळीकडून बघितलं. नाही बुजत रे."

मग त्या खिडकीकडे बघत बोलायला लागल्या. "माझंही एक प्रमेय होतं. तुझ्याएवढीच होते तेव्हा, तीस वर्षं झाली. सेमिनार दिला. माझे गाइड फार आजारी होते, तरी व्हीलचेअरवरून आले होते. आनंदाने रडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे चहाला गेले. निबंध छापूनही आला. चूक मला सापडली सर गेल्यानंतर. चाळीस माणसं होती त्या खोलीत, निखिल. एकाने जरी हात वर केला असता ना, तर मी सरांच्या शेजारी बसून ती दुरुस्त करायचा प्रयत्न केला असता."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. "चुकलो मी, मॅडम," मी म्हणालो.

"ते राहू दे. परिषदेला कळवलंस?"

नव्हतं कळवलं. कळवलं की निबंध जाणार, आणि त्याच्यामागून कायमची नोकरीही. खरं सांगायचं तर, परीक्षकांना जे दिसलं नाही ते आपण कशाला दाखवायचं, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. ते मी त्यांना सांगून टाकलं.

"माझ्याही आलं होतं," त्या म्हणाल्या. "चार दिवस होतं मनात. मग पत्र लिहून निबंध मागे घेतला."

त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या बाजूला येऊन बसल्या. मी म्हणालो, "मॅडम, तुमचा तास असेल. मी लिहितो, तुम्ही थांबायची काही गरज नाही."

"मुलांना उद्या बोलावलंय," त्यांनी चष्मा पुसत सांगितलं. "माझं पत्र मी एकटीने लिहिलं होतं. तू लिही, मी इथे बसते."