सोनरावाचा जानवसा आणि केतकीचे दत्तविधान

श्रीगजाननास वंदन, शारदेस वंदन, आणि ज्यांचे अन्न खाऊन हे लिहिले त्या धन्यांस अंमळ अधिक वंदन करोन हकीकत लिहिली जाते ऐसीजे. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्ल नाम संवत्सर. राज्य कोणते हे लिहावयाची आज्ञा नाही. परंतु राज्यात किल्ले होते, नद्या होत्या आणि महाराज होते, यावरोन वाचणाऱ्याने समजोन घ्यावे. महाराजांस सोनेरी रंगाचा बहुत षोक. घोडा सोनेरी, पगडी सोनेरी, आणि कैरीचे लोणचे हिरवे म्हणोन पंगतीस येत नसे. ऐसे असता काही वर्षांमागे हबसाण देशीचा एक व्यापारी दरबारी आला होता आणि त्याने पेटाऱ्यातून एक सर्प काढिला होता. सर्प अजगराचे जातीचा, परंतु लांबी दोन अडीच हात, विष नाही, राग नाही, भय वाटले की अंगाचा गोळा करोन डोके आत घालोन बसणारा. दरबारात ऐसे स्वभावाचे मानकरी पुष्कळ असल्याने तो सर्वांस लागलाच आवडला. रंग पाहावा तो नव्या मोहरेचा. महाराज तख्तावरोन उठोन उभे राहिले, म्हणोन सारा दरबार उभा राहिला, आणि सर्प दरबारी दाखल जाहला. त्याच पेटाऱ्यात त्याच जातीच्या काही तपकिरी माद्या होत्या. त्या कशास आणिल्या ऐसे पुसता व्यापारी बोलिला, "माल वाटेत हलू नये म्हणोन भरल्या होत्या, त्या तशाच राहू द्या."

मग वाड्याचे आवारात सर्पशाळा बांधिली आणि पुढले वर्षी तपकिरी माद्यांस सोनेरी नरापासोन पिल्ले जाहली. निमी सोनेरी, निमी तपकिरी. महाराजांचे पुण्याईने सोने उपजले ऐसे दरबारात ठरले, आणि एकदा पुण्याई ठरली म्हणजे आई कोण हे स्मरणात ठेवावयाचे कारण राहात नाही. महाराजांनी आज्ञा केली की, येथोन पुढे सर्पशाळेत सोनेरी तेवढे राहील, तपकिरी अवघे बाहेर. त्यावरोन तपकिरी माद्या आणि त्यांची तपकिरी पोरे गावाबाहेर धान्याचे कोठीवर उंदरांचे बंदोबस्तास पाठविली. सोनेरी पिल्लांत तिघी बहिणी निघाल्या. त्यांत धाकटी केतकी. अंड्यातून निघाली तेव्हा अशक्त, खाईना, म्हणोन राणीसाहेब कमळजाबाई यांनी तिला आपल्या महालात आणोन, शेगडीचे ऊबेस ठेवोन, आपल्या हाते वाढविली. बाईसाहेबांचे खांद्यावर ती बसे आणि दासी दुरूनच वारा घालीत.

थोरला सर्प एका हिवाळ्यात थंडीने वारला, तेव्हा व्यापाऱ्याने दुसरा सोनेरी नर आणोन दिला. त्याचे नाव सोनराव. सोन्यास सोनेच मिळावे ऐसे महाराजांचे मनात, आणि राजघरचे कार्य विधीवाचोन होणार नाही ऐसे वेदमूर्ती बाळंभट शास्त्री यांचे मनात. म्हणोन थोरलीचे लग्न सोनरावाशी लाविले. हळद, मुंडावळ्या, मंगलाष्टके, पंगती, सर्व यथासांग. मग तिने अंडी धरिली ती बाहेर पडेनात, आणि पडली ती लहान, पिवळी, मेणासारखी, आत काही नाही. उरलेली पोटातच अडकली आणि थोरली वारली. शास्त्रीबोवा म्हणाले मुहूर्त चुकला. पुढले वर्षी मधलीचे लग्न सुमुहूर्ती केले. मधलीही तशीच वारली. शास्त्रीबोवा म्हणाले, मुहूर्त बरोबर होता, नजर लागली. आता केतकी उपवर जाहली आणि मार्गशीर्षात तिचे लग्न सोनरावाशी करावे ऐसे ठरले.

बाईसाहेबांनी राजवैद्य नारोपंत यांस महाली बोलाविले आणि पुसले, "पंत, या दोघी कशाने गेल्या?" नारोपंत काशीस शिकलेले, बोलावयास मृदु. म्हणाले, "बाईसाहेब, दोष रंगाचा. हा रंग नराचे अंगी असता नुसता दिसतो. मादीचे अंगी असता आतही उतरतो, मग अंडे भरत नाही आणि सुटतही नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे केतकी लग्नाने मरणार." पंत म्हणाले, "औषध देऊ की." बाईसाहेब म्हणाल्या, "गुण येईल?" पंत म्हणाले, "औषध उत्तम आहे." बाईसाहेब म्हणाल्या, "हे महाराजांस सांगितले काय?" पंत म्हणाले, "सांगितले. महाराज म्हणाले रंगास नाव ठेवू नये. तेव्हापासोन मी मुहूर्ताचेच बाजूस आहे."

मग बाईसाहेब महाराजांकडे गेल्या. महाराज झोपाळ्यावर बसले होते. बाईसाहेब म्हणाल्या, "केतकीचे लग्न करू नये." महाराज म्हणाले, "वंश बुडेल." बाईसाहेब म्हणाल्या, "वंश सोनरावाचा चालवावयाचा ना? मग त्यास कोठीवरची एखादी तपकिरी पाहा." महाराज म्हणाले, "आमचे घरात तपकिरी सून?" बाईसाहेब स्वतः चांगल्याच सावळ्या होत्या. म्हणाल्या, "आम्ही आलोच की." महाराजांनी विडा मागविला, सावकाश खाल्ला, आणि बोलिले, "तुमची गोष्ट निराळी. तुमचे कुळ मोठे." बाईसाहेब म्हणाल्या, "आणि आमची पोरे?" महाराज म्हणाले, "पोरे धडधाकट आहेत. आम्ही कोठे नाही म्हणतो?" बाईसाहेब म्हणाल्या, "मीही तेच म्हणते." महाराजांनी झोपाळा थांबविला आणि सांगितले की लग्न मार्गशीर्षात होईल, यात बदल नाही.

तेव्हा बाईसाहेबांनी शास्त्रीबोवांस बोलाविले, पाट दिला, फराळ दिला, आणि पुसले, "शास्त्रीबोवा, नवरा आणि नवरी लग्नाआधीच एका आवारात राहतात, हे शास्त्रात बसते काय?" शास्त्रीबोवा लाडू खात म्हणाले, "बसत नाही, परंतु सर्पांस..." बाईसाहेब म्हणाल्या, "सर्पांस मंगलाष्टके म्हणता, सर्पांचे लग्नात दक्षिणा घेता. मग सर्पांस जानवसा नको? वर परगावाहून यावा, जानवशावर उतरावा, तेथोन वाजत यावा. थोरल्या दोघींचे वेळी हे राहिलेच." शास्त्रीबोवांस हे एकदम पटले, कारण दोन लग्ने का बिघडली याचे नवे उत्तर मिळाले. मग वर कोठे उतरवावा हा प्रश्न निघाला. सर्पशाळेत नको, वाड्यात नको, थंडीचे दिवस, जागा ऊबदार हवी. बाईसाहेब म्हणाल्या, "धान्याची कोठी ऊबदार असते." शास्त्रीबोवा म्हणाले, "उत्तम. लग्न दशमीस आहे, नवमीस तेथोन वर वाजत आणू." बाईसाहेब म्हणाल्या, "दशमीस? नीट पाहा. शुक्राचा अस्त दिसत नाही काय?" शास्त्रीबोवांनी बाईसाहेबांकडे पाहिले, मग पंचांगाकडे पाहिले, मग ताटात राहिलेल्या लाडवांकडे पाहिले, आणि अस्त दिसला.

येणेप्रमाणे सोनराव मुंडावळ्या बांधोन पालखीतून कोठीवर गेले. मार्गशीर्षात शुक्राचा अस्त, पौष वर्ज्य, माघात गुरूचा अस्त निघाला, फाल्गुनात शास्त्रीबोवांस दूरचे सुतक आले आणि चैत्र पुन्हा वर्ज्य. महाराज दर पंधरा दिवसांनी पुसत आणि शास्त्रीबोवा आकाशाकडे बोट दाखवीत. कोठीवरोन कामदार विठोजी निरोप पाठवी की, नवरदेव काही खात नाहीत, परंतु प्रकृती आनंदात आहे. मग वैशाखात मुहूर्त निघाला, कारण अवघे ग्रह उगवले होते आणि लाडवांनाही मर्यादा असते. वाजंत्री, अबदागीर, हत्ती, ऐसी मंडळी घेऊन खासे महाराज वरास आणावयास कोठीवर गेले. बाईसाहेब मेण्यात. दार उघडिले तो काय, सोनराव एका पोत्यावर कृश होऊन पडलेले आणि सभोवार तपकिरी माद्या, आपापल्या अंड्यांस वेढे घालोन बसलेल्या. अंडी मोठी, पांढरी, भरली. वाजंत्री वाजत होती ती एकेक करोन थांबली.

महाराज म्हणाले, "विठोजी, हे काय?" विठोजी म्हणाला, "सरकार, जानवसा." महाराज म्हणाले, "आम्ही नवरदेव उतरविला होता." विठोजी म्हणाला, "सरकार, उतरलेच होते. मला तर वाटले मानपानात हेही असेल." महाराजांचा चेहरा लाल जाहला आणि त्यांनी हुकूम केला की, वरास आत्ताच उचला, लग्न आजच लागेल. तेव्हा बाईसाहेब मेण्यातून उतरल्या, हे पूर्वी कधी जाहले नव्हते, आणि उन्हात उभ्या राहोन बोलिल्या, "दोन महिने थांबावे. अंडी फुटू द्यावी. आतून अवघी तपकिरी निघाली तर मी केतकीस आपल्या हाते हळद लावीन आणि पुन्हा शब्द काढणार नाही. एकही सोनेरी निघाले तर तिचे पोटी संतान मागावयाचे नाही." महाराज म्हणाले, "कोठीवर तपकिरीच निघणार. ही सामान्य अक्कल आहे." आणि सर्व मानकऱ्यांनी मान डोलविली, नारोपंतांनी सर्वांत अधिक. मग हत्ती वळविले.

ते दोन महिने बाईसाहेबांनी कसे काढिले हे दासींस ठाऊक. केतकी रोज खांद्यावर असे. एक दासी म्हणाली, "बाईसाहेब, निमी निमी निघतात म्हणे. पण निमी कशावरोन? दैव उलटले तर अवघीच तपकिरी निघतील." बाईसाहेब म्हणाल्या, "गप बस आणि शेगडी विझली का पाहा." आषाढात अंडी चिरली. पहिले तोंड बाहेर आले ते तपकिरी. दुसरे तपकिरी. तिसरेही तपकिरी. विठोजी निरोप घेऊन धावत आला, महाराजांनी हळद कुटावयास सांगितली, आणि बाईसाहेबांनी केतकीस पेटाऱ्यात ठेविले आणि झाकणावर हात ठेवोन बसल्या. संध्याकाळी विठोजी पुन्हा आला. म्हणाला, "सरकार, चौथ्यापासोन सोने लागले आहे."

महाराज कोठीवर गेले, पिल्ले पाहिली, हातात घेतली. मग बोलिले, "पाहिलेत? शेवटी सोन्यास सोनेच जाहले." दरबार म्हणाला, खरे आहे. परंतु महाराजांस नवी चिंता लागली, की पिल्लांची आई तपकिरी, हे चारचौघांत कसे सांगावे. शास्त्रीबोवा म्हणाले, यास उपाय दत्तविधान. केतकीने पिल्ले दत्तक घ्यावी, म्हणजे आई सोनेरी, बाप सोनेरी. परंतु दत्तक घेणारी विवाहित हवी, सबब लग्न करावे. चातुर्मासात लग्न कसे ऐसे कोणी पुसले, तेव्हा शास्त्रीबोवा म्हणाले, सर्पांस श्रावण चालतो, त्यांची पंचमीच आहे.

मग नागपंचमीस दोन्ही कार्ये योजिली. सोनराव जानवशावरोन वाजत आले. मध्ये अंतरपाट, तो एका बाजूस खुद्द बाईसाहेबांनी धरिला. अक्षता पडल्या. शास्त्रीबोवा शेवटच्या कडव्यास आले तेव्हा बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "येथे थांबा. पिल्ले ओटीत घालावयाची वेळ टळते." शास्त्रीबोवा थांबले. दत्तविधानात जन्मदात्या आईने आपल्या हाते मूल द्यावे लागते, म्हणोन सर्व आयांचे वतीने एका तपकिरी मादीस आणिले. तिने इतकी मंडळी पाहोन अंगाचा गोळा केला आणि डोके आत घातले. पंचांनी पाहिले आणि मान लवविली ऐसे ठरविले. पिल्ले केतकीचे पेटाऱ्यात सोडिली, पेढे वाटिले, तोफा जाहल्या, आणि तपकिरी मादीस त्याच गाडीतून कोठीवर परत धाडिले.

एवंच सोनेरी वंश चालला. राजवैद्यांस केतकीची प्रकृती राखिल्याबद्दल वस्त्रे मिळाली, शास्त्रीबोवांस गाव इनाम मिळाला, आणि महाराज पाहुण्यांस सांगत की, रंग शुद्ध राखिला म्हणजे संतान होतेच. अंतरपाट मात्र दूर करावयाचा राहिला. तो बाईसाहेबांनी केतकीचे पेटाऱ्यापुढे खुंटीस बांधिला आहे. तो दूर जाहल्याखेरीज वराने वधूकडे राहू नये ऐसे शास्त्र असल्याने, सोनराव दर हिवाळ्यास जानवशावर जातात, आणि दर श्रावणास केतकीची ओटी भरते. शास्त्रीबोवा मुहूर्त पाहात आहेत.