सतरा कच्चे टाके

"असा झगा शिवते, की बघणाऱ्याची नजर त्यावरून घसरून जमिनीवर आपटेल!"

राजवाड्याच्या शिंपीणबाई हे बोलल्या तेव्हा त्यांच्या ओठांत चार टाचण्या होत्या आणि डोक्यात आग होती. टाचण्या रोजच्याच. आगही आता रोजचीच झाली होती. सकाळी वर्तमानपत्र आलं की ती पेटायची आणि संध्याकाळपर्यंत धुमसायची.

धाकट्या राजकन्येला अजून सतरावंही पुरं झालं नव्हतं. पण तिने निळं घातलं की मथळा, 'राजकन्या उदास?' पिवळं घातलं की, 'एवढा आनंद कशाचा?' तोच झगा दुसऱ्यांदा घातला की, 'राजघराण्याला झालंय काय?' परवा तर कोणी मेला कुंपणावर चढला आणि त्याने दोरीवरच्या मोज्यांचा फोटो काढला!

"माझ्या पोरीच्या मोज्याचं भोक घरोघरी वाचलं गेलं!" शिंपीणबाई कडाडल्या. "भोक बुजवणारी मी! मला तरी विचारायचं, की बाई, हे छापू का?"

राजकन्येला फार काही नको होतं. बाजारामागच्या गल्लीत चित्रकलेचा एक वर्ग भरायचा. तिला तिथे जायचं होतं, चार मुलींसारखं, बसने. पण वाड्याचे चिटणीस होते कडक इस्त्रीचे.

"तुमच्या कपड्यांबद्दल एक ओळही छापून आलेली नाही, असा एक तरी समारंभ दाखवा," ते म्हणाले. "मग खुशाल जा. तोवर विषय बंद."

गुरुवारी दवाखान्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. शिंपीणबाई यंत्रावर बसल्या आणि चाकाच्या तालावर गुणगुणू लागल्या,

"सुई गं चालली, दोरा धावे तिच्या पाठी,
लेकीच्या अंगाला न लागो कुणाची दिठी."

झग्याला रंग निवडला राखाडी. तोही कसला, तर कचेरीच्या जिन्याखालच्या भिंतीचा! बटणं आत लपवली, गळा ना खोल ना उंच. झगा तयार होऊन खुंटीवर टांगला, तेव्हा चिटणीस त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, "ठीक आहे, पण झगा कुठाय?"

शिंपीणबाईंची मान अशी ताठ झाली, की टेपने मोजली असती तर दोन इंच जास्त भरली असती.

गुरुवार उजाडला. मोटार दाराशी लागली. राजकन्येने झगा घातला आणि दोघींची नजर खाली घेराकडे गेली. झगा दोन बोटं आखूड! माप घेतल्यापासूनच्या तीन आठवड्यांत पोरगी वाढली होती.

"हलू नकोस!" शिंपीणबाईंनी बसकण मारली, घेराची दुमड उसवली, खाली सोडली आणि हाताला लागला त्या पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घातले. "आता पक्की टीप मारते आणि हे काढते."

"मोटार थांबणार नाही!" चिटणीस बाहेरून ओरडले.

"अहो, मोटार नाही, तर निदान पोरीला तरी थांबवा!"

पण राजकन्या तोवर जिना उतरली होती.

शुक्रवारच्या अंकात राजकन्येचा चेहरा बोराएवढा होता आणि झग्याचा घेर परातीएवढा. 'सतरा पांढरे टाके! राजकन्या कसले दिवस मोजतेय?' एका तज्ज्ञाने लिहिलं, सतरा दिवसांत साखरपुडा. दुसऱ्याने लिहिलं, छे, हा तर राजाविरुद्ध मूक निषेध! सोमवारपर्यंत शहरातल्या निम्म्या मुली घेरावर पांढरा दोरा मिरवत होत्या, आणि एका बिचाऱ्या शिंप्याने गिऱ्हाइकाचे कच्चे टाके काढले म्हणून त्याला भर दुकानात शिव्या बसल्या.

"एक ओळही नको म्हणालो होतो," चिटणीस म्हणाले, "हे अकरा रकाने आहेत."

राजकन्या रडली नाही. टोक काढून ठेवलेल्या पेन्सिली तिने एकेक करून डब्यात परत ठेवल्या. "तुझी चूक नाही, मावशी," ती म्हणाली. "माझीच उंची वाढली. पुढच्या वेळी आधी सांगेन."

झालं! रडली असती तर शिंपीणबाईंनी जवळ घेतलं असतं. पण हे?

"वाढायची माफी मागतेस? पोरीने वाढायचं, तेही विचारून?"

आणि त्या तश्शाच निघाल्या. गळ्यात टेप, बाहीवर टाचण्यांची रांग, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात नवऱ्याची. थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत, संपादकाच्या टेबलापुढे!

"ते कच्चे टाके आहेत! मी काढायला विसरले!"

संपादकाने पेन उघडलं. "कोणाच्या सांगण्यावरून विसरलात?"

"घाईच्या!"

"आणि या घाईमागे कोण आहे?"

"तुमच्या कोटाची बाही खांद्यात उसवलीय," शिंपीणबाई गरजल्या, "त्यामागे कोण आहे? ती कसला निषेध करतेय? छापा ना! शेंबड्या वयाच्या पोरीचा घेर कसला मोजता, स्वतःची काख मोजा!"

खोलीत कुणीतरी खटकन फोटो काढला.

मंगळवारी पहिल्या पानावर शिंपीणबाई! 'वाड्यातून सारवासारव. टेपचा अर्थ काय? दोन चपला, दोन गट?' बुधवारपर्यंत दुकानांतल्या टेपा संपल्या. पोरी गळ्यात टेप आणि पायांत दोन तऱ्हेच्या चपला घालून हिंडू लागल्या. बातमीदारांनी शिंपीणबाईंच्या दारात ठाण मांडलं. त्यांचा वाळत घातलेला परकर तिसऱ्या पानावर आला, तेव्हापासून त्या कपडे स्वयंपाकघरात वाळवू लागल्या. नवरा मात्र दर तासाला मिशा विंचरायचा. "अगं, जरा बाहेर ये की! उजेड छान आहे!"

"तुम्हीच वाळा बाहेर दोरीवर!"

त्याच आठवड्यात गुरुवारी राजकन्येने नदीवरच्या पुलाचं उद्घाटन केलं. झगा तोच राखाडी, टाके तेच सतरा. चिटणिसांनी शुक्रवारचे सगळे अंक भिंग लावून तीनदा वाचले. एक ओळ नाही! पुलावर बातमीदारच नव्हते, सगळे परकराची वाट पाहत होते.

चिटणीस कडक होते, पण दिल्या शब्दाचे होते.

शनिवारी राजकन्या बसने वर्गाला गेली, गळ्यात टेप, पायांत दोन तऱ्हेच्या चपला. सगळ्याच मुली तशा, त्यात ही एक. परत आली ती दिवा लावल्यासारखी उजळून. "मावशी, सर मला ओरडले! पाच मिनिटं उशीर झाला म्हणून शेवटच्या बाकावर बसवलं! म्हणाले, या टेपवाल्या पोरींनी डोकं उठवलंय!"

शिंपीणबाईंनी तोंड फिरवून उगाचच दोरा दातांनी तोडला. तेवढ्यात चिटणीस दारात आले.

"बाई, येता-जाता जरा कुणाचं लक्ष जाणार नाही, असं काही घालत जा."

आग पुन्हा टाळूपर्यंत गेली. पण तोंडात टाचण्या होत्या, आणि राजकन्या हसत पुढे आली होती. "मी देते करून, मावशी. हाच राखाडी तुझ्या मापाचा करते." तिने जन्मात पहिल्यांदा सुई धरली, बाजूच्या शिवणी सोडल्या, कापड जोडलं, दोनदा बोट टोचून घेतलं. टाके पडले ते पावसात पळणाऱ्या कोंबड्यांसारखे. शिंपीणबाईंनी मुकाट्याने झगा चढवला आणि त्या घरी निघाल्या.

वाड्याच्या दारातच उभा असलेला संपादक टाके बघायला वाकला. त्याच्या कोटाची बाही आता शिवलेली होती. "बाई, हे टाके फारच वाकडे! वाड्यात कुणी नवं शिवायला लागलंय का? कोण ते?"

शिंपीणबाईंच्या डोळ्यांपुढे राजकन्येचा पेन्सिलींचा डबा आला, पुन्हा बंद होणारा. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक टाका वाकडा गेला नव्हता. त्या जोरावर त्यांनी भल्याभल्यांना हिणवलं होतं. त्यांनी दात आवळले.

"मीच शिवलाय!"

खरं सांगितलं तेव्हा घसा फोडूनही पटलं नव्हतं. हे मात्र त्याला पहिल्या फटक्यात पटलं! दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'शिंपीणबाईंचे हात थकले.'

शिंपीणबाईंनी तो अंक जाळला नाही. जमिनीवर पसरला, त्यावर राजकन्येच्या नव्या झग्याचा कागदी नमुना आखला, या खेपेला दोन बोटं जास्त लांब. मग कात्री चालवली. संपादकाच्या नावावरून जरा दोनदा.